गाईच्या डॉक्टराला बोलवा

आमच्या गावात गाय माजावर आली की ती गोष्ट कुणापासून लपत नाही. गाय स्वतः हंबरून सांगते, मालक डेअरीत दूध घालताना सांगतो आणि उरलेलं मालकीण नळावर सांगते. गाय भरवायला डॉक्टर आला की दोरी धरायला घरात असेल ते माणूस उभं राहतं. घरात बहुधा पोरीच असतात, कारण पोरगे क्रिकेटला गेलेले असतात. डॉक्टर खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोजा चढवतो, वळूच्या बीजाची कांडी काढतो आणि पोरगी दोरी धरून त्याला विचारते, "कालवडीची कांडी हाय ना? मागल्या टायमाला गोऱ्हा झाला." यात कुणाला लाज वाटत नाही. मलाही कधी वाटली नव्हती. लाज वाटायची जागा पुढं होती आणि मी तिथं खुर्ची टाकून बसलो.

ती खुर्ची शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाची. गावातले आईबाप कंपन्यांत कामाला जातात आणि समितीची बैठक कामाच्या दिवशी दुपारी असते, म्हणून दुपारी रिकामं असणारं माणूस पाहिजे होतं. नात शाळेत आणि आजोबा घरी, असा मी सापडलो. शिवाय मला वाचता येतं, असं गावात सगळे म्हणतात.

त्याची हकिगत अशी. माझी अक्षरओळख साठीनंतरची. नात वैष्णवी दुसरीत असताना तिला शाळा-शाळा खेळायचं होतं आणि विद्यार्थी मिळत नव्हता. ती बाई झाली, मी पाटी घेऊन बसलो. खेळ वर्षभर चालला आणि मला वाचता यायला लागलं. पण दुसरीतली पोरं वाचतात तसंच येतं: ओळीवर बोट ठेवून आणि मोठ्यानं. मनातल्या मनात वाचायची विद्या मला आली नाही. माझ्या कानावर पडल्याशिवाय मला काही कळत नाही. या एका खोडीनं पुढं माझी फार शोभा केली.

बैठकीत मुख्याध्यापिका प्रतिभा मॅडम म्हणाल्या, "शनिवारी आरोग्य केंद्राच्या नर्सबाई येणार आहेत. सातवी-आठवीच्या मुलामुलींना वयात येताना शरीरात काय बदल होतात, ते सांगतील." आणि एक पातळ पुस्तिका माझ्या हातात दिली. कव्हरवर एक मुलगा आणि एक मुलगी हसत उभे होते. अध्यक्षानं वाचल्याशिवाय पुढं सरकवणं बरं दिसत नाही, म्हणून मी पहिलं पान उघडलं, बोट ठेवलं आणि सुरू केलं, "मुलगा आणि मुलगी यांच्या शरी..."

समोर पाच बाया आणि तीन बाप्ये बसले होते.

"चष्मा घरी राहिला," मी म्हणालो. चष्मा माझ्या नाकावर होता.

पुस्तिका तपासून देतो म्हणून मी घेऊन आलो. घरात ठेवली तर कुणी बघेल, म्हणून गोठ्यातल्या कोनाड्यात गोचिडाच्या औषधाच्या बाटलीमागं ठेवून दिली.

संध्याकाळी डेअरीत बातमी माझ्याआधी पोहोचली होती. डेअरीचा सेक्रेटरी जयसिंग दुधाची फॅट काढता काढता म्हणाला, "आप्पा, शाळंत ते शिकवणार म्हणं."

"ते म्हंजी?"

"तेच."

"मी बी तेच ऐकलं," मागं किटली घेऊन उभे असलेले खंडूमामा म्हणाले. "आमच्या टायमाला कुणी शिकवलं व्हतं? झाली का न्हाई पोरं?"

"तुम्हाला सहा झाली मामा. शिकवलं असतं तर दोन झाली असती."

सगळे हसले. मामाही हसले. मग जयसिंग गंभीर झाला. "हसण्यावारी नेऊ नका. पोरांच्या डोक्यात नको ते भरलं तर उद्या जबाबदार कोण? अध्यक्ष कशाला झालाय तुम्ही? तालुक्याला जा आन् थांबवा." एवढं बोलून तो फोनवर ओरडला, "डॉक्टर, माझी काळी सकाळपास्नं माजावर हाय, सोट टाकतीया, आत्ताच भरायला या, उशीर केला तर टाईम जाईल." रांगेत दोन शाळकरी पोरी किटल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही. नको ते म्हणतात ते पोरांच्या डोक्यात आधीच आहे, हे मला त्याच वेळी समजायला हवं होतं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात अध्यक्षपद होतं.

मी धुतलेलं धोतर नेसून एसटीनं तालुक्याला गेलो. कचेरीत साहेब नव्हते. साहेब मीटिंगला गेले की कुठल्या मीटिंगला गेले हे विचारायचं नसतं. टेबलावर माझ्या सुनेच्या वयाची एक बाई होती. म्हणाली, "बोला बाबा, काय काम?"

आता काम सांगायचं म्हणजे तो शब्द उच्चारायचा. एसटीत मी तो मनातल्या मनात तयार केला होता, पण वर सांगितलं तसं, मनातल्या मनातलं माझं काही खरं नसतं.

"शाळेची तक्रार हाय."

"कसली? इमारत? शिक्षक?"

"न्हाई. पोरांना देत्यात त्याची."

"काय देतात?"

"नको ते देत्यात."

बाईनं पेन उचललं. "म्हणजे आहाराची. भातात अळ्या निघाल्या का?"

मी इकडंतिकडं बघितलं. अळ्या हा शब्द चारचौघांत बोलता येण्यासारखा होता. माझी मान हलली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मला अजून सांगता येणार नाही. बाईनं मात्र हो लिहून घेतलं. "पाठवते कुणालातरी तपासायला," ती म्हणाली आणि मला पाणी दिलं. मी पाणी पिऊन घरी आलो.

डेअरीत मी सांगितलं, "काम झालं." मॅडमनी सांगितलं, "वरून आदेश आहे आप्पा, तास घ्यावाच लागेल."

मग मला ती युक्ती सुचली. घ्यायचाच तर आपल्यातलं माणूस घेईल. नर्सबाई ती पोरसवदा, पोरांपुढं काय बोलणार. आपल्याकडं विक्रम डॉक्टर आहे. गाई भरवायला येतो, या विषयातला त्याच्याइतका अनुभव तालुक्यात कुणाला नाही. तसा तो डॉक्टर नाही, कोर्स केलेला आहे, पण आमच्याकडं बॅग घेऊन मोटारसायकलवरून येणारा प्रत्येक माणूस डॉक्टरच असतो. गाईवरून सांगितलं की झाकलेलंही राहतं आणि कळतंही. आणि पोरींना त्या तासाला सुट्टी. त्यांना त्यांच्या आया घरी सांगतील.

जयसिंग म्हणाला, "आप्पा, तुम्ही मंत्री पाहिजे व्हता." मला ते पटलं.

मॅडमनी वेळापत्रकातलं नर्सबाईंचं नाव खोडलं. "ठीक आहे. अध्यक्ष तुम्ही आहात," त्या म्हणाल्या. आमची साखरबाई "चुलीत घाला" ज्या सुरात म्हणते, तोच सूर. साखरबाई म्हणजे आमचं कुटुंब. ती तेव्हा घरी नव्हती. केडगावला बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तिचं करायला गेली होती. ती असती तर मला डेअरीच्या पायरीवरूनच माघारी आणलं असतं.

घरी आता सातवीत असलेली वैष्णवी ताटावर बसली होती. "आप्पा, तास फक्त पोरांनाच हाय म्हणं. आमाला का न्हाई?"

"तुला काय करायचंय? विक्रम डॉक्टरला सगळं कळतं, तो पोरांना सांगल. तुला तुझी आई सांगल."

"आई कवा सांगल? ती आली की झोपती."

ते खरं होतं. सून तेजश्री उजाडायच्या आधी कंपनीच्या बसनं जाते आणि दिवेलागणीनंतर येते. मुलगा सत्यजीत कुरकुंभला रात्रपाळीत, तिथंच खोलीवर राहतो. या प्रश्नावर अध्यक्ष म्हणून काहीतरी बोलणं भाग होतं.

"गाईला पाणी दाव," मी म्हणालो.

शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी गाईचा तक्ता लावला. बाजूनं कापलेली गाय, आतले भाग रंगवलेले. सवयीनं त्यांनी हातात तो लांब मोजाही चढवला आणि बोट दाखवायला लागले. पोरं जांभया देत होती. डॉक्टरांनी विचारलं, "गाय सकाळी माजावर आली तर केव्हा भरायची?" अख्खा वर्ग एका सुरात "संध्याकाळी" म्हणाला. "आणि संध्याकाळी आली तर?" "सकाळी." डॉक्टर खूश झाले. मी तर माझंच पोरगं पास झाल्यासारखा खूश झालो.

मग खंडूमामांचा नातू सम्राट उभा राहिला. "डॉक्टर, गाईचं आमाला म्हाईत हाय. माणसाचं सांगा."

डॉक्टरांचा मोजा घातलेला हात तक्त्यावर तसाच राहिला. कपाळाला घाम फुटला, पण पुसायला तोच हात उचलला आणि परत खाली घेतला. "माणसाचं," ते म्हणाले, "माणसाचं अध्यक्ष सांगतील."

मी उठलो. उठायला नको होतं, पण अध्यक्ष म्हटलं की पाय आपोआप उठतात.

"माणसाचं बी," मी म्हणालो, "येळच्या येळी झालं की व्हतं."

"काय व्हतं?" सम्राट म्हणाला.

"सगळं."

तेवढ्यात फाटकात जीप थांबली. मी सुटलो असं मला वाटलं. जीपमधून भातातल्या अळ्या तपासायला साहेब उतरले.

साहेबांनी कापलेली गाय बघितली, मोजा बघितला. "हे काय चाललंय?"

"अध्यक्ष सांगतील," मॅडम म्हणाल्या. त्या दिवशीचं हे दुसऱ्यांदा.

"पशुसंवर्धन," मी म्हणालो.

"वा. मुली कुठं आहेत?"

"त्यांना घरी सोडलंय."

"का? तुमच्या गावात मुली गोठ्यात जात नाहीत?"

साहेब स्वयंपाकाच्या खोलीत गेले. खिचडी चाखली, तांदूळ निवडून बघितला, डबे उघडले. काही निघालं नाही. "तक्रार तर होती अळ्यांची," ते म्हणाले, "अध्यक्षांनी स्वतः केलेली." खिचडी शिजवणाऱ्या आक्काबाई डाव घेऊन उभ्या होत्या. वीस वर्षं त्यांनी गावाची पोरं जेवू घातली. त्यांनी डाव खाली ठेवला.

"अळ्या, आप्पा?" एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी सगळ्यांना खिचडी वाढली. मला कुणी ताट दिलं नाही आणि मी मागितलं नाही.

यानंतर माणूस गप्प घरात बसतो. मीही बसलो. बुधवारपर्यंत बसलो.

बुधवारी वैष्णवी शाळेतून दुपारीच आली. दप्तर टाकलं आणि सरळ गोठ्यात गेली. मी गेलो तर गव्हाणीच्या आड पेंडीच्या पोत्यावर तोंड फिरवून बसलेली.

"मॅडम रागावल्या का?"

"न्हाई."

"मग?"

"आप्पा, फोन करा."

"कुणाला?"

"विक्रम डॉक्टरला."

मी गाईकडं बघितलं. गाय रवंथ करत होती. "हिला काय झालंय?"

"हिला न्हाई. मला." मग जरा थांबून, भिंतीकडं बघून ती म्हणाली, "तुम्हीच म्हणला न्हवं, त्याला सगळं कळतं. त्याला इचारा, रक्त आलं म्हंजी काय. आपल्या ढवळीला आलं तवा तुम्ही म्हणला व्हता, आता हिचं काय खरं न्हाई, बाजार दावा."

ढवळी गेल्या वर्षी तीनदा भरूनही राहिली नव्हती. तिला मी बाजारात विकली, तेव्हा दोरी वैष्णवीनंच सोडून दिली होती.

मी तिथंच खाली बसलो. शेणात बसलो हे नंतर कळलं. गावात ज्याला विचारावं असं एकच माणूस मी माझ्या नातीला दाखवून ठेवलं होतं, आणि ते गाई भरवणारं होतं.

तेजश्रीला फोन लावला. कंपनीत आत फोन चालत नाही, तो गेटवर लागतो. गेटवरचा माणूस बिहारचा. "क्या मेसेज है बाबाजी?"

मी गोठ्याबाहेर आलो. रस्त्यावरून बानूबाई चालल्या होत्या. त्यांच्या कानावर पडलं की डेअरीत सांगायची गरज उरत नाही. "मेसेज," मी म्हणालो, "वैष्णवी ठीक है."

"ठीक है तो फोन काहे किए?"

मी फोन ठेवला. बानूबाईंना हाक मारावी असंही एकदा मनात आलं, कारण बाईमाणूस तेवढं एकच जवळ होतं. पण पोरीची गोष्ट संध्याकाळच्या दुधाबरोबर गावभर गेली असती. मग गोचिडाच्या औषधाची बाटली आठवली.

कोनाड्यातून पुस्तिका काढली, झटकली. "विक्रम डॉक्टरला यातलं काय कळत न्हाई," मी म्हणालो. "मलाबी न्हाई. पण हितं लिवलंय. वाचतो."

"मी वाचू?" ती म्हणाली. तिनं हात पुढं केला नाही.

"मीच वाचतो."

ती भिंतीकडं तोंड करून बसली, मी गाईकडं तोंड करून बसलो. एकमेकांकडं बघत मला एक अक्षर लागलं नसतं. बोट ठेवलं आणि सुरू केलं. मासिक पाळी हे दोन शब्द लागले, त्यात अवघड काही नव्हतं. अवघड होतं ते फक्त आवाज काढणं. पुढं गर्भाशय आलं, तिथं र कुठं लावायचा ते कळेना.

"गर्भाशय," भिंतीकडून आवाज आला. "र वर असतो, आप्पा. किती येळा सांगितलंय."

मग अस्तर, मग रक्तसाव.

"साव न्हाई. स्राव. स अर्धा."

"स्राव," मी म्हणालो. गाय माझ्याकडं बघत होती. पुढच्या ओळीवर बोट सरकवलं. "हा आजार नाही."

त्या वाक्यात एकही जोडाक्षर नव्हतं. मी ते एका दमात वाचलं.

"ते परत वाचा," ती म्हणाली.

"हा आजार नाही."

"टीव्हीवर पॅडच्या जाहिरातीत निळं दावत्यात," ती म्हणाली.

"टीव्हीवर गाई बी हसत्यात."

तेव्हा ती थोडी हसली. मग विचारलं, "आन् शाळा? शाळंत जायचं का न्हाई? बघा लिवलंय का."

"लिवलंय," मी म्हणालो. मी ते पान अजून उघडलेलं नव्हतं. उघडलं. नशिबानं लिहिलेलं होतं. स्वच्छ कापड किंवा पॅड वापरावं, शाळेत जावं, खेळावं. मी तिला आजीची मऊ झालेली सुती साडी पेटीतून काढून दिली आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. उन्हात उभं राहायचं काही काम नव्हतं.

संध्याकाळी तेजश्री आली ती चपला घालूनच घरात शिरली. "आप्पा, गेटवाल्यानं सांगितलं, सगळं ठीक हाय म्हणून घरून फोन आला व्हता. तवापास्नं माझा जीव थाऱ्यावर न्हाई." मी तिला गोठ्याकडं हात दाखवला. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, तेव्हा डोळे पुसलेले होते. "मी दिवाळीच्या सुट्टीत सांगणार व्हते," ती म्हणाली. आया घरी सांगतील, हे मीच गावाला सांगून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी डेअरीत मी किटली ठेवली आणि म्हणालो, "या शनिवारी नर्सबाई येणार. पोरं आन् पोरी, दोन्ही बसतील."

जयसिंगचा हात मशीनवर थांबला. "आप्पा, परवा तर तुम्हीच..."

"परवा मी चुकलो."

"काय झालं काय?"

काय झालं ते सांगितलं असतं तर एका वाक्यात सगळे गप्प झाले असते. पण ते वाक्य माझं नव्हतं, पोरीचं होतं.

"काय न्हाई झालं," मी म्हणालो.

"मॅडमनी दम दिला आसंल," कुणीतरी मागून म्हणालं. "अध्यक्षपद जाईल म्हणून घाबरलं म्हातारं," दुसरं म्हणालं. भरलेली गाय पुन्हा माजावर आली की आमच्याकडं तिला उलटली म्हणतात. खंडूमामा शांतपणे म्हणाले, "आप्पा उलटले." रांग हसली. मी माझी किटली भरून घेईपर्यंत तिथंच उभा राहिलो. माझ्यावर एवढा वेळ कुणी हसण्याची मला सवय नव्हती.

तिथून आक्काबाईंकडं गेलो. "अळ्या नव्हत्या," मी म्हणालो.

"मला म्हाईत हाय नव्हत्या," त्या म्हणाल्या आणि कांदा चिरत राहिल्या.

तसाच शाळेत जाऊन प्रतिभा मॅडमना बोललो. त्यांनी नर्सबाईंचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. तास तुम्ही थांबवला होता."

"कशाबद्दल तास घ्यायचाय, आप्पा?" पलीकडून नर्सबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. पुस्तिका समोर नव्हती, बोट ठेवायला ओळ नव्हती. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

शुक्रवारी साखरबाई केडगावहून आली. पिशवी ठेवायच्या आत वैष्णवीनं तिला आत नेलं आणि दार लोटलं. रात्री जेवणं झाल्यावर साखरबाई तांदूळ निवडत बसली.

"वाचून दावलं म्हणं तुम्ही तिला," ती म्हणाली.

"व्हय."

"तुमचं त्ये गावभर ऐकू जातंय वाचणं."

"गोठ्यात वाचलं. हळू वाचलं."

तिनं चारदोन खडे काढले. "काय लिवलंय त्यात?"

"हेच. की हा आजार न्हाई."

तिची बोटं तांदळात थांबली.

"मला बी वाचून दावा," ती म्हणाली.

"आता? या वयात?"

"तुम्ही अक्षरं कवा शिकला?" ताट बाजूला सारून ती म्हणाली. "मला बी कुणी सांगितलं न्हवतं. मला वाटलं व्हतं, मी मरणार."

मी कोनाड्यातून पुस्तिका आणली. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. या वेळी भिंतीकडून र कुठं लावायचा ते सांगणारं कुणी नव्हतं. जिथं मी अडलो, तिथं आम्ही दोघंही थांबलो.